स्क्रीनवर एक रंग, छपाईत दुसरा: कलर मॅनेजमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो काढणारे, पोस्टर-पुस्तकं डिझाइन करणारे आणि छपाई करून घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. पण या विषयात नवीन असाल तर पहिलं उत्तर आधी वाचा, बाकीची बरीचशी त्यावरच उभी आहेत.

कलर मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय?

फाइलमध्ये रंग साठवलेला नसतो, आकडे साठवलेले असतात. आर २००, जी ४०, बी ४० असं लिहिलेलं असलं की आपण म्हणतो ‘लाल’. पण कोणता लाल? हेच तीन आकडे शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरना दिले, तर एकावर विटकरी दिसेल आणि दुसऱ्यावर भडक, कारण प्रत्येक पडद्याचा लाल, हिरवा आणि निळा त्याचा स्वतःचा असतो. एकक न सांगता नुसतं ‘अंतर पाच’ म्हणावं, तशी या आकड्यांची गत आहे.

ते एकक पुरवण्याचं काम आयसीसी प्रोफाइल करतं. १९९३ साली अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, आग्फा वगैरे आठ कंपन्या एकत्र आल्या आणि इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम (आयसीसी) उभं राहिलं. त्यांची कल्पना साधी होती. प्रत्येक स्कॅनरची प्रत्येक प्रिंटरशी वेगळी जोडी जमवत बसण्याऐवजी प्रत्येक उपकरणाने आपले रंग एका मधल्या, तटस्थ भाषेत एकदाच सांगून ठेवायचे. ही भाषा म्हणजे लॅब किंवा एक्सवायझेड. ‘माझा २००, ४०, ४० म्हणजे लॅबमधला अमुक रंग’ असं मॉनिटरचं प्रोफाइल सांगतं, आणि ‘लॅबमधला हा रंग काढायला मला इतका सायन (निळसर-हिरवी शाई), इतका मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) लागेल’ असं छपाईचं प्रोफाइल सांगतं. मधला हिशेब सॉफ्टवेअर करतं.

ही तटस्थ भाषा सीआयई या प्रकाश आणि रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या मानकातून आली. त्यामागे डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांचे प्रयोग होते. त्यांनी सगळे मिळून १७ जणांना रंग जुळवायला बसवलं होतं. आजच्या सगळ्या रंगगणिताच्या बुडाशी त्या १७ जणांची नजर आहे. या विषयाला रुक्ष तांत्रिक म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

हे काही न करताही काम चालतंच की. मग बिघडतं काय?

तुम्ही फोटो सुधारायला बसता आणि प्रत्यक्षात मॉनिटरचा दोष सुधारत राहता. पडदा निळसर असेल तर नकळत फोटोत पिवळा वाढवला जातो. तुमच्याकडे तो छान दिसतो आणि बाकी सगळीकडे माणसांना कावीळ झाल्यासारखी दिसते. त्वचेचे रंग यात सगळ्यात आधी उघडे पडतात, कारण चेहऱ्याचा रंग जरा हलला तरी कुणालाही खटकतो, अगदी रंगातलं काही कळत नसलं तरी.

डिझाइनमध्ये हेच दुसऱ्या तऱ्हेने होतं. एकाच लोगोचा हिरवा व्हिजिटिंग कार्डावर वेगळा, फलकावर वेगळा, वेबसाइटवर तिसराच. मग छपाई परत करायची, आणि चूक डिझायनरची की प्रेसची यावर वाद. प्रोफाइल आणि प्रूफ (छपाईआधी मंजुरीसाठी बघायचा नमुना) आधीच ठरलेलं असेल तर या वादाला निदान काही आधार राहतो.

म्हणजे सगळं नीट केलं की स्क्रीन आणि प्रिंट तंतोतंत जुळतात?

नाही, आणि असं आश्वासन कुणी देत असेल तर सावध व्हा. पडदा प्रकाश बाहेर फेकतो, कागद पडलेला प्रकाश परत पाठवतो. पडद्यावरचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याहून कितीतरी उजळ असू शकतो. काही झगझगीत हिरवे, निळे आणि केशरी चार शाईंच्या आवाक्यातच नसतात. कलर मॅनेजमेंटमुळे एवढंच होतं की काय बदलणार आहे ते आधी दिसतं आणि त्यावर निर्णय आपल्या हातात राहतो. माझ्या मते एवढं मिळालं तरी मेहनत वसूल झाली.

एसआरजीबी, अ‍ॅडोबी आरजीबी, प्रोफोटो: कोणती कलर स्पेस वापरू?

कलर स्पेस म्हणजे आकड्यांनी सांगता येणाऱ्या रंगांचा ठरलेला पल्ला. एसआरजीबी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडली. त्या काळच्या साध्या मॉनिटरना काय जमतं यावरून ती बेतली होती. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची, छपाईतले हिरवे-निळसर रंग सामावून घेण्यासाठी. या दोन्हींचे मूळ लाल आणि मूळ निळा एकच आहेत. फरक फक्त हिरव्याच्या टोकाचा. म्हणून ‘अ‍ॅडोबीत लाल जास्त खुलतो’ असं कुणी म्हणालं तर ते बहुधा प्रोफाइल चुकीचं लागल्यामुळे भडकलेला लाल बघत असतात.

प्रोफोटो आरजीबी कोडॅककडून आलेली आणि फार मोठी आहे. इतकी की तिचे मूळ हिरवा आणि निळा माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाहीत, ते केवळ गणितातले बिंदू आहेत. एवढ्या मोठ्या पल्ल्यात ८ बिटच्या २५६ पायऱ्या विरळ पडतात आणि आकाशासारख्या सलग भागात पट्टे दिसू लागतात. प्रोफोटो वापरायची तर १६ बिटमध्येच.

मोठ्या कलर स्पेसचा फायदा कुठे दिसतो? गर्द लाल फुलाचा जवळून काढलेला फोटो घ्या. एसआरजीबीत आणल्यावर पाकळीच्या बऱ्याच भागात लाल चॅनल २५५ ला जाऊन अडकतो. त्याच्यावर जायला जागा नाही, आणि हिरवा-निळा चॅनल शून्याला टेकलेला. पाकळीच्या शिरा, कडेची मखमली सावली, सगळं एका सपाट लाल डागात बुजतं. फोटो ‘जास्त एक्स्पोज’ झाला असं वाटतं, पण एक्स्पोजर ठीकच असतं. तीच रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) प्रोफोटोत उघडली की शिरा परत दिसतात. मग एसआरजीबीत नेण्याआधी लालचं सॅच्युरेशन आपण स्वतः, बघून, बेताने उतरवू शकतो.

माझा सल्ला असा: रॉ वरून संपादन १६ बिट प्रोफोटोत किंवा अ‍ॅडोबी आरजीबीत करा, आणि वेबसाठी बाहेर काढताना एसआरजीबी. यातलं काहीच नीट समजत नसेल तर सगळीकडे एसआरजीबी ठेवा. एसआरजीबीत काम करून कुणाचं फारसं नुकसान झालेलं नाही. कलर स्पेसची सरमिसळ करून मात्र बऱ्याच जणांचं झालं आहे.

कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस कोणती निवडू?

रॉ काढत असाल तर तो पर्याय फक्त जेपेगला आणि कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या प्रीव्ह्यूला लागू होतो. रॉ फाइलमध्ये सेन्सरची मोजमापं असतात, कलर स्पेस नंतर ठरते. जेपेगच काढून लगेच पाठवत असाल तर एसआरजीबी.

कॅमेऱ्यापाशी याहून मोठा फरक व्हाइट बॅलन्सने पडतो. एकाच प्रकाशात बरेच फोटो काढायचे असतील तर सुरुवातीला एक फोटो ग्रे कार्डाचा घ्या आणि नंतर त्यावरून सगळे एकदम दुरुस्त करा. वस्तूंचे, कापडाचे किंवा चित्रांचे फोटो काढणाऱ्यांनी २४ चौकोनांचं कलर चेकर कार्ड बाळगावं. त्यावरून कॅमेऱ्याचं खास प्रोफाइल बनवता येतं. चित्राच्या पुनर्मुद्रणासाठी तर याला पर्याय नाही.

मॉनिटर नजरेने जुळवला तर चालत नाही का?

चालत नाही, कारण नजर जुळवून घेते. निळसर पडद्यासमोर थोडा वेळ बसा, तो पांढरा वाटू लागतो. २०१५ साली एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता: काहींना तो पांढरा-सोनेरी दिसला, काहींना निळा-काळा. फोटो एकच, पण मेंदूने प्रकाशाबद्दल धरलेला अंदाज प्रत्येकाचा वेगळा. प्रत्यक्ष ड्रेस निळा-काळा होता. असा मेंदू घेऊन मॉनिटरचा पांढरा ठरवता येत नाही.

त्यासाठी कलरिमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, पडद्यावर ठेवायचं एक छोटं उपकरण. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग अशी दोन कामं ते एकापाठोपाठ करतं. कॅलिब्रेशनमध्ये पडदा एका ठरलेल्या स्थितीत आणला जातो: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडाचा ठरलेला पांढरा), गॅमा २.२ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळपणा कसा चढतो ते), उजेड अमुक. प्रोफाइलिंगमध्ये त्या स्थितीत पडदा कसा वागतो याची नोंद होते. मॉनिटर सुरू करून अर्धा तास तरी झाला की मग मोजा. नाइट लाइट, ट्रू टोन, आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस हे सगळं बंद ठेवा, नाहीतर मोजून घेतलेलं सगळं वाया. महिन्यातून एकदा परत मोजलं तर उत्तम. खोलीच्या भिंती आणि डेस्कटॉपचा वॉलपेपर दोन्ही राखाडी-पांढरे असावेत. मागे गर्द लाल चित्र असेल तर समोरचा करडा हिरवट वाटतो.

प्रिंट नेहमी काळपट येतात. प्रोफाइल चुकलं असेल का?

बहुतेक वेळा प्रोफाइल निर्दोष असतं आणि मॉनिटर वाजवीपेक्षा उजळ असतो. नवे पडदे ३०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं एकक) किंवा त्याहून जास्त उजेडावर सहज चालतात. छपाईसाठी फोटो तयार करताना ८० ते १२० निट्स पुरतात. उजळ पडद्यावर सावल्यांतलं सगळं दिसतं, म्हणून आपण फोटो गडद ठेवतो आणि मग कागदावर त्या सावल्या बुडतात. ब्राइटनेस उतरवल्यावर सुरुवातीला पडदा मरगळलेला वाटेल. सवय होऊ द्या. या पानावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय हाच आहे.

दुसरं कारण तुम्ही प्रिंट कुठे धरून बघता हे. मंद खोलीत कोणताही प्रिंट काळपटच दिसेल.

असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यात फरक काय?

असाइन केल्यावर आकडे तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून फोटो डोळ्यांदेखत बदलतो. कन्व्हर्ट केल्यावर आकडे बदलतात ते रंग तसाच राहावा म्हणून. एसआरजीबीतला शुद्ध लाल २५५, ०, ० असतो. तो अ‍ॅडोबी आरजीबीत कन्व्हर्ट केला की आकडे साधारण २१९, ०, ० होतात आणि पडद्यावर काहीच हललेलं दिसत नाही. हेच असाइन केलं असतं तर आकडा २५५ च राहिला असता आणि लाल भडकला असता.

असाइनची गरज क्वचित लागते: फाइलला प्रोफाइलच नसतं किंवा चुकीचं लावलेलं असतं तेव्हा. बाकी सगळीकडे कन्व्हर्ट. आणि सेव्ह करताना ‘एम्बेड कलर प्रोफाइल’ची खूण काढू नका. प्रोफाइलने फाइल थोडीशीच वाढते आणि ती पुढे कुणाच्याही हातात गेली तरी स्वतःबद्दल सांगू शकते.

स्क्रीनवरचा गर्द निळा छापल्यावर जांभळा का होतो?

कारण निळी शाई मुळात नसतेच. फोर कलर छपाईत निळा तयार होतो सायनवर मॅजेंटा चढवून, आणि हे मिश्रण जांभळ्याकडे झुकतं. आरजीबीतला शुद्ध निळा सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाईंच्या हिशेबात) नेला की मॅजेंटाचं प्रमाण सायनच्या अगदी जवळ येतं. छपाईत मॅजेंटा जरासा जास्त चढला की संपला तो निळा. प्रेसमधले जुने लोक सांगतात की निळा हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. सायन १००, मॅजेंटा ७० पासून सुरुवात करून बघा. स्क्रीनवर तो जरा वेगळा वाटेल, कागदावर मात्र निळाच राहील.

सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा अंदाज स्क्रीनवरच बघणं, कसं करायचं?

प्रेसला किंवा फोटो लॅबला त्यांचं प्रोफाइल मागा. फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये ते निवडा आणि कंट्रोल-वाय दाबा. छापल्यावर रंग कसे दिसतील याचा अंदाज तिथेच येतो, आणि कुठले रंग छपाईच्या पल्ल्याबाहेर आहेत हे गॅमट वॉर्निंग दाखवते. ‘सिम्युलेट पेपर कलर’ सुरू केलं की सगळा फोटो एकदम फिका पडतो आणि लोक घाबरून ते बंद करतात. तो पर्याय लावताना क्षणभर नजर दुसरीकडे वळवा आणि मग बघा. आधीचा उजळ पांढरा डोळ्यात राहिला नाही की कागदाचा पांढरा पांढराच वाटतो.

रेंडरिंग इंटेंटचा, म्हणजे पल्ल्याबाहेरचे रंग कसे आत आणायचे याचा, प्रश्न इथेच येतो. पल्ल्याबाहेरचे रंग आत आणताना परसेप्च्युअल सगळ्याच रंगांना थोडं थोडं आवळतो, त्यामुळे छटांचे आपसातले संबंध टिकतात. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आतल्या रंगांना हात लावत नाही, बाहेरचे तेवढे काठावर आणून ठेवतो. फोटोंसाठी मी आधी रिलेटिव्ह आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलमधला काळा छपाईच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय) लावून बघतो. गर्द भागातले तपशील बुजत असतील तर परसेप्च्युअल.

डिझाइन सुरुवातीपासून सीएमवायकेमध्येच करावं का?

फोटो शक्य तितका वेळ आरजीबीत ठेवा. सीएमवायके हा एकच रंगसंच नाही: आर्ट पेपरसाठी (गुळगुळीत लेप दिलेला, म्हणजे कोटेड कागद) वेगळा, लेप नसलेल्या अनकोटेड कागदासाठी वेगळा, न्यूजप्रिंटसाठी वेगळा. चांगल्या कोटेड कागदावर एकूण शाई ३०० टक्के किंवा थोडी वर चालते. न्यूजप्रिंटवर २४० च्या आतच राहावं लागतं, नाहीतर शाई वाळत नाही आणि मागच्या पानावर उमटते. आधीच एका कागदासाठी बदललेली फाइल दुसऱ्याला नीट बसत नाही, आणि सीएमवायकेमधून परत आरजीबीत आणलं तरी गेलेले रंग परत येत नाहीत.

मजकूर आणि बारीक रेषा याला अपवाद. काळी अक्षरं फक्त १०० टक्के काळ्या शाईत हवीत. आरजीबीतला काळा कन्व्हर्ट होऊन चार शाईंचा झाला, तर छपाईत प्लेट जराशी सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत कड येते. मोठ्या काळ्या पट्ट्यांसाठी मात्र नुसती काळी शाई करडी वाटते, तिथे थोडा सायन वगैरे घालून भरीव काळा करतात.

प्रेसला फाइल कशी द्यायची ते त्यांनाच विचारा. पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक प्रकार) घेत असतील तर प्रोफाइल आणि ट्रान्सपरन्सी दोन्ही शाबूत राहतात. पीडीएफ/एक्स-१ए मध्ये आरजीबीला जागाच नाही.

ब्रँडचा रंग अचूक हवा असेल तर?

स्पॉट कलर. पॅन्टोनसारख्या पद्धतीत शाई आधीच मिसळून वेगळ्या प्लेटने छापतात, त्यामुळे जो रंग चार शाईंना जमत नाही तोही मिळतो. रंग निवडायचा तो छापील शेडकार्डावरून, कोटेड आणि अनकोटेड अशा दोन्ही पट्ट्या समोर ठेवून. स्क्रीनवरून निवडलेल्या पॅन्टोनला अर्थ नाही. २०२२ च्या अखेरीस अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनच्या बहुतेक लायब्रऱ्या काढल्या गेल्या. तेव्हा ब्रँडच्या नियमपुस्तिकेत पॅन्टोनच्या नावाबरोबर लॅबचे आकडेही लिहून ठेवा. ते कुठल्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नसतात.

दोन नमुने खिडकीपाशी जुळतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे दिसतात. हे कसं?

याला मेटामेरिझम म्हणतात. दोन पृष्ठभाग प्रकाश वेगवेगळ्या पद्धतीने परतवत असले तरी एका विशिष्ट उजेडात डोळ्याला सारखेच वाटू शकतात. उजेड बदलला की जोडी फुटते. शिवाय बऱ्याच पांढऱ्याशुभ्र कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून तोच कागद उन्हाच्या उजेडात निळसर-शुभ्र आणि ज्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात त्याच्याखाली पिवळट दिसतो. छपाईत यासाठी डी५० हा ठरलेला उजेड आहे. प्रूफ मंजूर करताना ग्राहक आणि प्रेस दोघांनीही ते डी५० खालीच बघायला हवं. वेगवेगळ्या उजेडात उभं राहून फोनवर रंगाची चर्चा करण्यात वेळच जातो.

घरच्या प्रिंटरवर सगळंच गुलाबी येतंय.

रंग दोनदा बदलले जात असण्याची दाट शक्यता आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडलं असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. दोघांपैकी एकानेच हे काम करायचं. कागद बदलला तर प्रोफाइलही बदला.

बघणाऱ्यांचे फोन कॅलिब्रेट केलेले नसतात. मग मी वेबसाठी एवढं का करू?

प्रत्येक फोन आपापल्या दिशेने थोडा चुकतो, एक निळा, एक पिवळा, एक भडक. तुमची फाइल मधोमध असेल तर प्रत्येकाकडे चूक तेवढीच राहते. तुमचीच फाइल एका बाजूला कललेली असेल तर निम्म्या लोकांकडे दोन्ही चुका एकत्र होतात.

आणि हल्लीचे चांगले फोन रंगात बरेच काटेकोर असतात. आयफोन ७ पासून आयफोनचा कॅमेरा डिस्प्ले पी३ या मोठ्या कलर स्पेसमध्ये फोटो काढतो. मोठे ब्राउझर प्रोफाइल वाचतात. धोका असतो तो एखाद्या सेवेने अपलोड करताना प्रोफाइल काढून टाकण्याचा: मग पी३ चा किंवा अ‍ॅडोबी आरजीबीचा फोटो एसआरजीबी समजून वाचला जातो आणि निस्तेज दिसतो. वेबसाठी आधीच एसआरजीबीत कन्व्हर्ट करण्याचं खरं कारण हे.

डेल्टा ई किती असावा?

दोन रंगांमधलं अंतर म्हणजे डेल्टा ई. ढोबळमानाने १ च्या आसपासचा फरक शेजारी ठेवूनही जेमतेम कळतो. मॉनिटरची सरासरी २ च्या आत असेल तर निश्चिंत राहा. आकडा वाचताना कोणतं सूत्र वापरलंय ते बघा, १९७६ चं आणि सीआयईडीई२००० यांचे आकडे एकमेकांशी तुलना करण्यासारखे नाहीत.

प्रोफाइल नसलेली फाइल हातात आली तर काय करायचं?

आधी पाठवणाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर फाइलच्या एका प्रतीला एसआरजीबी असाइन करून बघा, बहुतेक अनाथ फाइली एसआरजीबीच निघतात. फोटो विझलेला वाटला तर अ‍ॅडोबी आरजीबी असाइन करून बघा. नजर चेहऱ्यावर, गवतावर, आकाशावर ठेवा, म्हणजे ज्या गोष्टींचा रंग आपल्याला पाठ असतो त्यांवर. जे पटेल ते ठेवून प्रोफाइल एम्बेड करा आणि सेव्ह करा. फाइल सीएमवायके असेल तर मात्र अंदाजाने काहीही कन्व्हर्ट करू नका. काळी अक्षरं एकाच शाईत आहेत ना आणि एकूण शाई किती होते आहे, एवढं तपासा आणि कोणत्या कागदासाठी ती बनवली होती हे कळेपर्यंत आकड्यांना हात लावू नका.